नेपरव्हिलच्या लायब्ररीतली बाली अक्षरं

इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, माझ्या मुलीच्या शाळेत ऑक्टोबरमध्ये कल्चर नाइट असते. जिममध्ये टेबलं मांडतात, एकेका देशाला नाहीतर भाषेला एकेक टेबल देतात, आणि मुलं हातात कागदी पासपोर्ट घेऊन शिक्के गोळा करत फिरतात. मुलगी तिसरीत होती तेव्हा आम्ही तीन-चार मराठी आयांनी मिळून एक टेबल घेतलं होतं. आमच्याकडे रांगोळीचे छाप होते, एक ढोलकी होती, आणि खोबऱ्याच्या वड्या होत्या. मुलं ढोलकी बडवत होती, वड्यांना कोणी हात लावत नव्हतं.

शेजारचं टेबल बालीचं होतं. इंडोनेशियातलं ते बेट, जिथे आपल्याकडची बरीच मंडळी हनिमूनला जातात. टेबलामागे एकच बाई होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कमरेला पिवळा पट्टा घट्ट बांधलेला, हातात जाड मार्कर. मुलाने नाव सांगितलं की ती जाड कागदावर ते बालीच्या लिपीत लिहून द्यायची. रांग लागली होती. प्रत्येक दुसरी आई विचारायची, "किती सुंदर डिझाइन आहे! हे कशाचं चित्र?"

"चित्र नाही," ती दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायची. "अक्षरं आहेत. हे तुमच्या मुलीचं नाव आहे. हे असं वाचतात." आणि बोट ठेवून वाचून दाखवायची. मी तासभर ऐकत होते. तिने एकदाही कंटाळून "हो, डिझाइनच" असं म्हटलं नाही.

रांग ओसरल्यावर मी तिच्या कागदांकडे नीट पाहिलं. अक्षरं गोल, गुबगुबीत, एकाला एक लागून. मला एकही ओळखता येईना. पण एकाच अक्षराच्या डोक्यावर एका ठिकाणी छोटी टोपी होती आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या पायाशी एक शेपटी. मी सहज विचारलं, "ही वरची खूण म्हणजे 'इ' आणि ही खालची 'उ' का?"

तिचा मार्कर थांबला. "तुला बाली येते?"

"नाही. मराठी येते." मी तिच्याच कागदाच्या कोपऱ्यात 'कि' आणि 'कु' लिहून दाखवलं. वेलांटी, उकार. तिने ते स्वतःच्या 'कि' आणि 'कु'शेजारी धरलं आणि खळखळून हसली. मग तिने अक्षरांची माळ म्हणून दाखवली. ह, न, च, र, क अशी सुरू होणारी. प्रत्येक अक्षराच्या पोटात 'अ' बसलेला, अगदी आपल्यासारखा.

"तुझी मुलं कुठायत?" मी विचारलं. शाळेतल्या आईचं एखादं मूल तरी टेबलाजवळ घुटमळत असतंच.

तिने हनुवटीने लांब दाखवलं. पिझ्झाच्या काउंटरपाशी एक मुलगी आमच्याकडे पाठ करून उभी होती. माझ्याच मुलीच्या वर्गातली.

अशी आमची ओळख झाली. बालीत मोठ्या बहिणीला म्बोक म्हणतात, म्हणून मी तिला म्बोक म्हणायला लागले. माझी मुलगी तिला मावशी म्हणते. म्बोक बालीत प्राथमिक शाळेत शिकवायची. इथे ती एका डेकेअरमध्ये शिकवते. आणि दर शनिवारी सकाळी लायब्ररीतली एक छोटी खोली घेऊन आसपासच्या बाली कुटुंबांतल्या पाच-सहा मुलांना त्यांची लिपी शिकवते. बाली कुटुंबं इथे मोजकीच. कोणी अर्ध्या तासावरून यायचं, कोणी त्याहून लांबून.

एका शनिवारी मी त्या वर्गात जाऊन बसले. भिंतीवर तिने हाताने काढलेला तक्ता. मुलं आठ ते दहा वर्षांची. म्बोक तक्त्यावर काठी ठेवायची, मुलं ओरडायची, "ह! न! च! र! क!" ओरडणं झकास चाललं होतं, पण काठीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तिने मधलंच एक अक्षर दाखवलं की सगळे गप्प. मग मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत तिथपर्यंत यायचे. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मुलं 'ठ' ओळखायला 'क'पासून सुरुवात करतात, तसंच. अर्ध्या तासात दोघं टेबलाखाली गेले होते.

म्बोकची मुलगी वर्गात नव्हती. बाहेर कॉमिक्स वाचत बसली होती.

"येत नाही ती," म्बोक म्हणाली. "म्हणते, तिथे तू माझी मम्मा नसतेस, टीचर असतेस."

मी एका विमा कंपनीत कर्मचाऱ्यांसाठी ट्रेनिंगचे कोर्स बनवते. आग लागली तर लिफ्ट वापरू नका, अनोळखी ईमेल उघडू नका, हे लोकांना क्लिक करायला लावून, आवाज आणि चित्रं दाखवून शिकवायचं. ट्रेनने शिकागोला जायचं, दिवसभर बटणं हलवायची आणि परत यायचं. त्या वर्गात बसल्या-बसल्या माझे हात शिवशिवायला लागले. "म्बोक, हे सगळं टॅबलेटवर करू या," मी म्हटलं. "अक्षर दाबलं की आवाज येईल, ओढून जोडी लावायची, बरोबर आलं की स्टार. हे तर माझं रोजचं काम आहे. नाताळच्या आधी करून देते."

तिने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "खरंच करशील?"

"खरंच."

नाताळच्या आधी मी ते केलंही. मुलं वेडी झाली. टेबलाखाली कोणी जाईना. खणखण स्टार पडत होते, बरोबर उत्तराला फटाके फुटत होते. एकदाच वाद झाला. माझ्या कोर्समध्ये चुकीच्या उत्तरावर लाल फुली येते, तशी मी इथेही टाकली होती. म्बोकने ती पाहताक्षणी स्क्रीनवर हात ठेवला.

"अक्षरावर फुली मारायची नाही."

"अगं, चुकलं हे कळायला नको का मुलांना?"

"कळू दे. पण फुली नाही." आणि तिने सांगितलं की त्यांच्याकडे सरस्वतीचा दिवस असतो, त्या दिवशी ताडपत्रांच्या पोथ्यांची पूजा होते आणि कोणी अक्षर खोडत नाही. मी तिला आमची दसऱ्याची पाटीवरची सरस्वती सांगितली. फुली काढली, पण मनातून मला ते पटलं नव्हतं. त्या जागी मी अक्षर थोडं थरथरेल असं केलं.

सुट्ट्यांच्या आधीच्या शनिवारी पालकांना बोलावलं. मुलांनी टॅबलेटवर पटापट जोड्या लावून दाखवल्या, सगळ्यांचे सगळे स्टार पूर्ण. आया टाळ्या वाजवत होत्या. वर्गातल्या सर्वांत मोठ्या मुलाचे वडील मागे भिंतीला टेकून उभे होते. ते हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, रात्रपाळी करून थेट आले होते. फार सौम्य माणूस. ते पुढे आले, पांढऱ्या बोर्डवर इंग्रजी अक्षरांत 'कासा' असा काहीतरी साधा, दोन अक्षरी शब्द लिहिला आणि म्हणाले, "हा आपल्या अक्षरांत कोण लिहील?"

कोणी उठलं नाही. त्यांनी स्वतःच्या मुलाला मार्कर दिला. मुलाने बोर्डकडे पाहिलं, टॅबलेटकडे पाहिलं. "डॅड, त्यात ऑप्शन्स असतात," तो म्हणाला.

मग ते वडील म्बोककडे वळून हळूच बोलले, त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "तुम्ही खूप मेहनत घेता. पण बालीतसुद्धा आता सगळं इंग्रजी अक्षरांत लिहितात. शनिवारी मुलाचं सॉकर बुडतं. जानेवारीपासून आम्ही येऊ की नाही, सांगता येत नाही."

नंतर मी घरी माझ्या मुलीवर तो खेळ करून पाहिला. तिला बालीचं एक अक्षर येत नव्हतं. दहा मिनिटांत तिने सगळे स्टार मिळवले. "इट्स ईझी, आई. ज्याचा शेप सेम दिसतो ते ड्रॅग करायचं. वाचावं लागतच नाही."

मी कित्येक वर्षं हेच काम करत होते, आणि आठ वर्षांच्या मुलीने ते एका वाक्यात उघडं पाडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी म्बोककडे गेले. ती ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने ओढत होती. मी म्हटलं, "सॉरी यार म्बोक. हे मला जमणारं नाही. तुझा तक्ताच बरा होता. मी उगाच मध्ये पडले."

तिने फावडं थांबवलं नाही. "तक्त्यावर तरी कुठे येत होतं त्यांना?"

"पण ते वडील म्हणाले ते..."

"ते बरोबर म्हणाले. मुलांना लिहिता येत नाही. मग लिहायला शिकवू." तिने फावड्याचा दांडा बर्फात रोवला. "तू नाही केलंस तर मी एकटी करेन, पण मग मला वेळ लागेल. तू केलंस तर लवकर होईल. एवढाच फरक आहे. तुला दुसरं फावडं देऊ का?"

मी फावडं घेतलं. अर्धा ड्राइव्हवे मी साफ केला, अर्धा तिने.

त्या आठवड्यात तिने मला तिच्या वडिलांपुढे उभं केलं, व्हिडिओ कॉलवर. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ. बालीत आजोबांना पेकाक म्हणतात, सगळी मुलं त्यांना तसंच म्हणायची. पेकाक निवृत्त शिक्षक. ओसरीवर बसलेले, डोक्याला पांढरं कापड गुंडाळलेलं, चेहऱ्यावर हसू नाही. मी माझं ॲप त्यांना दाखवलं. अक्षर कसं काढायचं ते एक रेघ पळत-पळत दाखवते, असा भाग मी त्यात नव्याने घातला होता आणि तो मला फार आवडला होता.

त्यांनी दोन अक्षरं पाहिली आणि म्बोकशी काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हे लिहिणं नाही. हे सापाचं पळणं आहे."

मी फॉन्टमधल्या अक्षराच्या कडेकडेने रेघ फिरवली होती. पण हाताने लिहिणारा माणूस तिथून सुरू करतच नाही. तो कुठे थांबतो, कुठे वळतो, हात कधी उचलतो, ते फॉन्टला काय माहीत?

"सगळी चुकली?" मी विचारलं.

पेकाकना इंग्रजी थोडं येत होतं. त्यांनी थेट मलाच उत्तर दिलं. "ऑल," ते म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "आय शो."

आणि त्यांनी खरंच दाखवलं. जानेवारीभर आठवड्यातून दोन-तीनदा मी ऑफिसमधून परतले की म्बोक तिचा फोन आमच्या डायनिंग टेबलावरच्या बरणीला टेकवून ठेवायची. पेकाक कागदावर एकेक अक्षर हळूहळू लिहायचे, त्यांचा नातेवाईक वरून फोन धरायचा. मी ते थांबवत-थांबवत रेघेची सुरुवात, वळण, शेवट टिपून घ्यायची. बाहेर उणे तापमान, खिडकीबाहेर सगळं पांढरं. फोनमध्ये पेकाकच्या मागे केळीची पानं हलत असायची.

त्याच दिवसांत त्यांनी एक गोष्ट सांगितली, तिने माझा फुलीचा प्रश्न सुटला. ताडपत्रावर सुरीच्या टोकाने कोरून लिहितात, त्यामुळे चुकलेलं अक्षर पुसता येत नाही. मग लिहिणारा काय करतो? त्या अक्षराला वर 'इ'ची खूण देतो आणि खाली 'उ'ची पण. एकाच अक्षराला दोन्ही स्वर. असलं अक्षर वाचताच येत नाही, म्हणून वाचणारा ते सोडून पुढे जातो. ना खाडाखोड, ना फुली. मी ऐकतच राहिले. दुसऱ्याच दिवशी मी पुसायचं बटण काढून टाकलं. चुकलेल्या अक्षराला वेलांटी आणि उकार दोन्ही लावले की ते हळूच फिकं होईल असं केलं.

पण खरा प्रश्न स्टारचा होता. मुलांना वाचल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये, असं काय करायचं? उत्तर मला ट्रेनमध्ये सुचलं आणि मी तिथूनच म्बोकला फोन केला. "उत्तर तपासायचंच नाही. मूल जे जुळवेल ते पेकाक वाचून दाखवतील. बरोबर जुळवलं तर बरोबर वाचतील, भलतंच जुळवलं तर भलतंच वाचतील. ते ऐकून मुलाला आपोआप कळेल."

ती पलीकडून हिशेब करत म्हणाली, "म्हणजे बाबांना प्रत्येक अक्षर प्रत्येक स्वरासकट म्हणावं लागेल."

"म्हणतील?"

"ते म्हणतील," ती म्हणाली. "प्रश्न तुझा आहे. तू एवढे आवाज कापत बसशील?"

मी बसले. ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये, ट्रेनमध्ये, रविवारी मुलगी मराठी शाळेत असताना बाहेर गाडीत हीटर लावून. क, कि, कु, के, को. पेकाकचा आवाज खणखणीत, एका सुरातला. काही ठिकाणी मागे मोटरसायकल जायची, ते पुन्हा म्हणायचे. 'न'च्या वेळी नेमका कोंबडा आरवला. मी तो आवाज साफ करून टाकला, पण चुकून जुनीच फाइल ॲपमध्ये गेली.

पहिली चाचणी आमच्याच घरात झाली. एका गुरुवारी बर्फामुळे शाळा बंद होती, म्बोकला मात्र डेकेअरला जावं लागलं, म्हणून तिची मुलगी आमच्याकडे होती. माझी मुलगी टॅबलेट घेऊन अक्षरं जुळवत होती, म्बोकची मुलगी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला आपलं कॉमिक धरून बसलेली. मी स्वयंपाकघरात पोहे करत होते.

माझ्या मुलीने काहीतरी जुळवून कानाचं बटण दाबलं. पेकाकचा आवाज आला, "ब... न... न." आणि प्रत्येक 'न'ला कोंबडा आरवला.

"बनाना!" माझी मुलगी किंचाळली. "आई, ही सेड बनाना!"

सोफ्याच्या टोकाकडून आवाज आला, "दॅट्स माय पेकाक."

"आय नो."

"त्यांना बनाना म्हणायला लावलंस तू?" म्बोकच्या मुलीने इंग्रजीत विचारलं. कॉमिक खाली पडलं होतं. "मला दे."

पुढचा तासभर दोघी टॅबलेटवर वाकून बसल्या होत्या. पेकाक पपू म्हणाले, ककू म्हणाले, नुनुनु म्हणाले, कोंबडा आरवत राहिला. दोघी हसून-हसून सोफ्यावरून घसरत होत्या. मग त्यांना इंग्रजी शब्द म्हणवून घ्यायचे होते. 'किंग' हवा होता. "ते 'ङ' कुठून येतं?" म्बोकच्या मुलीने मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, तुझ्या मम्माला विचार. अक्षराच्या डोक्यावर एक छोटी खूण दिली की तो अनुनासिक आवाज येतो, आपल्या अनुस्वारासारखा, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी सांगितलं नाही.

म्बोक तिला न्यायला आली तेव्हा तिने बूटही काढले नव्हते. मुलगी टॅबलेट घेऊन दारात धावली. "मम्मा, हाऊ डू यू मेक पेकाक से किंग?"

म्बोकने माझ्याकडे पाहिलं. मग ओल्या बुटांनी तिथेच पायपुसण्यावर उकिडवी बसली आणि मुलीचं बोट धरून 'कि'च्या डोक्यावर खूण काढली. "अजून एकदा," मुलगी म्हणाली.

कोंबडा मी नंतर नीट काढून टाकला, तर शनिवारी वर्गात बंड झालं. "रूस्टर कुठाय?" सगळे विचारायला लागले. तो परत घालावा लागला. पेकाकना सांगितलं तर ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, तो कोंबडा शेजाऱ्याचा आहे आणि त्याला आता फार भाव चढेल.

पण सगळं असं हसण्यावारी गेलं असं नाही. मुलं तोंडाने म्हणून जुळवायला लागली, तरी हाताने लिहिताना अडायची. टॅबलेटवर बोटाने गिरवलेलं कागदावर पेन्सिलीने उतरेना. म्बोकने मग नियमच केला. आधी कागदावर लिहायचं, मग तेच टॅबलेटवर जुळवायचं, आणि पेकाक जे वाचतील ते तुमच्या मनातल्याशी जुळलं पाहिजे. पहिल्या शनिवारी दोन मुलं रडकुंडीला आली. एका आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आधी फन होतं, आता होमवर्क झालंय." मी तो निरोप म्बोकला दिला. ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी पेन्सिली मी आणते. जाड वाल्या."

माझ्या मुलीला त्या वर्गात यायचं काहीच कारण नव्हतं, पण ती यायची. एका रविवारी मराठी शाळेतून परतताना ती मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, आपल्या 'क'मध्ये पण 'अ' लपलेला असतो. सेम थिंग. म्हणून तुम्ही लोक त्याचा पाय मोडता."

तिच्या मराठीच्या काकू हे दोन वर्षं सांगत होत्या. मी स्वतः सांगितलं होतं. मी आरशातून मागे पाहिलं आणि फक्त "हो" म्हणाले. तिचं मराठी वाचन त्याने एकदम सुधारलं नाही. आजही ती जोडाक्षराला अडखळते. पण त्या दिवसापासून अडखळली की डोळे मिटत नाही, अक्षराकडे बघत राहते.

सॉकर खेळणारा तो मोठा मुलगा जानेवारीत दोनदा आला, दोनदा नाही. फेब्रुवारीपासून तो दर शनिवारी यायला लागला. त्याचे वडील त्याला दारात सोडून गाडीत झोपायचे. मी एकदा काच वाजवून त्यांना कॉफी दिली. "आत या ना," म्हटलं. ते म्हणाले, "नको. मी आत आलो की तो घाबरतो. त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली." मी म्हटलं, "तुम्ही ते विचारलं नसतंत तर आम्ही अजून स्टारच वाटत बसलो असतो." त्यांना ते खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा पालकांना बोलावलं. झाडांना नुकती पालवी आली होती आणि पार्किंगच्या कडेचा काळपट बर्फ शेवटचा वितळत होता. या वेळी टॅबलेट कपाटातच होते. म्बोकचा हट्ट होता, फक्त बोर्ड आणि मार्कर. मुलांनी एकेक करून पुढे यायचं, मनातला शब्द लिहायचा, वाचून दाखवायचा. म्बोक हाताची घडी घालून खिडकीपाशी उभी होती. तिने कोणालाही शब्द आधी पाठ करायला दिला नव्हता, आणि घरीही कोणी देऊ नये अशी तिची सक्त ताकीदच होती.

मुलं आली, लिहून गेली. कोणी कुत्र्याचं नाव लिहिलं, कोणी आईचं. एकीने एक खूण चुकवली, ते तिच्या स्वतःच्याच लक्षात आलं, आणि तिने कोणी न सांगता त्या अक्षराला वर-खाली दोन्ही स्वर देऊन ते मारून टाकलं आणि पुढे नवं लिहिलं. म्बोकची मुलगी आली. तिने आईकडे न बघता दोन शब्द लिहिले, मोठ्याने वाचले आणि जाऊन माझ्या मुलीशेजारी बसली. म्बोकने घडी घातलेले हात सोडले नाहीत, पण बोर्डवरचे ते दोन शब्द ती पुन्हा पुन्हा वाचत होती.

सगळ्यांत शेवटी तो मोठा मुलगा उठला. त्याने सावकाश लिहिलं. तीन छोटे शब्द. मग मार्कर झाकण लावून ठेवला आणि वडिलांकडे वळला. "डॅड, यू रीड इट."

वडील पुढे आले. बोर्डच्या अगदी जवळ गेले. पहिली दोन अक्षरं त्यांनी ओठ हलवत लावली, "ब... प..." बपा, म्हणजे बाप. तेवढं झालं. मग थांबले. आम्ही सगळे थांबलो. मला त्या खोलीत फार अवघडायला झालं, कारण आता कोणाची परीक्षा चालली आहे ते सगळ्यांना कळलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शाळा सुटल्यापासून त्यांनी ही अक्षरं कधी वाचली-लिहिलीच नव्हती.

त्यांच्या मुलाने वाट पाहिली, मग जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि अक्षराखाली बोट ठेवत वाचलं, "बपा सिङ नवङ."

एक आई फिसकन हसली. मग सगळेच हसले. मला अर्थ कळला नव्हता. म्बोकने खिडकीपासून मला सांगितलं, "बाबाला येत नाही."

मी बोर्डकडे पाहिलं. मुलाने 'व'च्या डोक्यावर ती खूण दिली होती, अनुस्वारासारखी. आपल्या अक्षरांत उतरवलं तर तो शेवटचा शब्द 'नवं' असाच झाला असता. मी तेवढंच वाचत राहिले, काही सेकंद.

वडील हसत नव्हते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बोट ठेवलं. "बपा," ते म्हणाले. "सि..."

"वर खूण आहे, डॅड. सिङ."

"सिङ. न. व..."

"तिथे पण आहे."

"नवङ." त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्बोककडे वळून विचारलं, "मी बसलो तर चालेल का शनिवारी? मुलांच्या वर्गात?"

"सॉकर?" म्बोकने विचारलं.

"ते दुपारी करून घेतलं."

म्बोकने भिंतीपाशी रचलेल्या छोट्या खुर्च्यांतली एक ओढून मुलांच्या टेबलाशी लावली. "पुढच्या वेळी लटकणारी अक्षरं आहेत," ती म्हणाली. "एका अक्षराचा 'अ' काढायचा आणि पुढचं त्याच्या पायाखाली टांगायचं. अवघड असतं. पेन्सिल आणा."

त्यातला अवघड भाग माझ्याकडे होता. टांगलेली अक्षरं लायब्ररीच्या जुन्या टॅबलेटवर नीट दिसतच नव्हती. अक्षराच्या जागी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ यायचं. फॉन्टवर विसंबून चालणार नव्हतं, प्रत्येक जोडाक्षर हाताने काढावं लागणार होतं. संध्याकाळी मी बरणीला फोन टेकवून कॉल लावला. पेकाकनी ओसरीवर कागद आधीच पसरून ठेवला होता.

"हाउ मेनी?" मी विचारलं.

"मेनी," ते म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं.